‘हं’च्या पुढचे बोलणे

मित्रांनो, मी एक जुना सॅम्पलर आहे. नाव ऐकून बिचकू नका. मी म्हणजे करड्या रंगाचा एक जड डबा. पाठीला वायरींची भोके, अंगावर सोळा रबरी बटणे आणि कोपऱ्यात फिरवायची एक चकती. माझ्यासमोर कुणी टाळी वाजवा, दार आपटा, नाहीतर शिंका; तो आवाज मी पोटात ठेवतो आणि बटण दाबले की जसाच्या तसा परत देतो. हिप हॉपची गाणी अशाच ठोक्यांवर उभी राहतात. रॅप करणाऱ्याला सगळे जग ओळखते. त्याच्या शब्दांखालची जमीन जो तयार करतो, त्याला म्हणतात प्रोड्यूसर. अशाच एका प्रोड्यूसरचा मी उजवा हात होतो.

माझा जन्म कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या एका बाईने माझी बटणे एकेक करून दाबली, मान डोलावली आणि मला खोक्यात घातले. आयुष्यातली ती माझी पहिली शाबासकी. दुसरी मिळायला फार वर्षे लागली. माझा पहिला मालक एका हॉटेलात कीबोर्ड वाजवायचा. माझ्याबरोबर आलेले माहितीपुस्तक त्याने कधी उघडले नाही, आणि ‘यंत्रच बिघडलेले आहे’ म्हणून मला दुरुस्तीच्या दुकानात देऊन टाकले. नाचता येईना अंगण वाकडे! दुकानदाराने मला काचेमागे, एका बंद पंख्याशेजारी ठेवले. रस्त्यावरून माणसे जात, काचेत बघून केस नीट करत आणि पुढे जात. मला कुणी बघत नव्हते.

मग एके दिवशी एक सडपातळ तरुण काचेला नाक लावून उभा राहिला. सोबत त्याची ताई होती. ती शिवणकाम करायची. आईवडिलांच्या माघारी तिनेच त्याला वाढवले होते. लहानपणापासून तो ताटावर, दारावर, बादलीवर, मिळेल त्यावर ठोके धरायचा, म्हणून तिने त्याचे नाव ठोक्या ठेवले होते.

“हे काय आहे रे?” तिने विचारले.

“यात आवाज ठेवता येतात, ताई.”

“आणि काढता पण येतात ना? नाहीतर तुझ्यासारखंच व्हायचं. सगळं आत!”

ताईने नवे शिलाई मशीन घेणे पुढे ढकलले आणि मी त्यांच्या घरी आलो.

घर म्हणजे एकच खोली. अर्ध्या भागात ताईचे मशीन, कापडाचे तुकडे आणि खडूच्या रेघा ओढलेले लाकडी टेबल. उरलेल्या अर्ध्यात ठोक्या, एक स्पीकर आणि मी. त्या खोलीत मी जन्मात पहिल्यांदा पोटभर काम केले. नळाखाली भरणारी बादली, जिन्यावर पडलेल्या किल्ल्या, ताईच्या कात्रीचा कच्च असा आवाज, सगळे माझ्यात राहायला आले. संध्याकाळी ठोक्याचा मित्र यायचा. तो कुणाशीही वाद घालायचा, म्हणून त्याला सगळे वकील म्हणत. ठोक्या बटणे वाजवायचा आणि वकील त्यावर रॅप करायचा. “पाणी येतं तळमजल्याला, तहान राहते चौथ्यावर,” असे त्याचे शब्द होते. ताई मशीन थांबवून ऐकायची. मशीनच्या आवाजाने आमचा ठोका बिघडू नये, एवढी तिला जाण होती.

आता माझी एक खोड सांगतो, ती नीट लक्षात ठेवा. माझ्यासमोर बोलले गेलेले मी सगळे ठेवतो. मग मालक चकती फिरवून मला सांगतो, इथून सुरू कर आणि इथे थांब. बटण दाबले की तेवढाच तुकडा वाजतो. पण उरलेले कुठे जात नाही. मुद्दाम पुसले नाही तर ते माझ्यात तसेच राहते. मला फ्लॉपी नावाच्या चौकोनी तबकडीवर उतरवून ठेवले, तर त्यावरही ते उतरते. फक्त ते कुणाला ऐकू येत नाही.

तर झाले असे. ठोक्याला ताईच्या मशीनचा आवाज हवा होता. त्याने माइक लावला, मला चालू केले आणि हाक मारली, “ताई, ऐकतेयस ना?”

“हं,” ताई म्हणाली.

काय सांगू तुम्हाला! साधा हुंकार, पण त्यात दिवसभराचा थकवा होता, माया होती आणि थोडी थट्टाही होती. ठोक्या उडालाच. “मिळालं! मिळालं!” करत तो खोलीभर नाचला. ताई त्याच्या ओरडण्याखाली अजून काहीतरी बोलत होती. तिचे बोलून झाले तेव्हा त्याने मला थांबवले. मग चकती फिरवून त्याने ‘हं’ संपतो तिथे शेवटची खूण केली, तो सोळाव्या बटणावर ठेवला आणि सगळे एका फ्लॉपीवर उतरवले. पुढचे बोलणे त्याने ऐकले नाही. ते माझ्यात राहिले.

त्या ‘हं’ने आमचे नशीब उघडले. ठोक्याचे प्रत्येक गाणे त्यानेच सुरू होऊ लागले. जणू गाण्याआधी दारावरची पाटी. रिक्षात, सलूनमध्ये, कॉलेजच्या पायऱ्यांवर लोक ती गाणी लावत, आणि ‘हं’ आला की सगळे एकसुरात ‘हं’ म्हणत. एका मुलाखतीत ठोक्या माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, “हा नसता तर मी नसतो.” आली बरं का मित्रांनो, दुसरी शाबासकी! मी मनातून फुगलो. कपडे शिवायला येणाऱ्या बायका ताईला म्हणत, “अहो, तुम्ही तर गायिका झालात!” ताई तोंडात टाचण्या धरून हसायची.

पुढे ठोक्याने शहराच्या दुसऱ्या टोकाला स्टुडिओ घेतला. भिंतींना जाड स्पंज, दाराला रबराची पट्टी. आतला आवाज बाहेर जात नाही आणि बाहेरचा आत येत नाही. त्याने तिथेच पलंग टाकला. मी गेलो, पण शिलाई मशीन मागे राहिले. माझ्या आयुष्यातला तोच एक शेजारी ज्याला ताल कळत होता. मला त्याची फार आठवण यायची.

पहिल्यापहिल्यांदा ताईचा रोज फोन यायचा. ठोक्या एका कानावर हेडफोन, दुसऱ्या कानावर फोन धरायचा. “हं,” तो म्हणायचा. “हं. हं. बघतो. हं.” त्याच्या त्या ‘हं’मध्ये काहीच नव्हते. असला आवाज त्याने स्वतः कधी माझ्यात ठेवला नसता. हळूहळू फोन आठवड्याने येऊ लागला, मग सणवाराला, आणि मग तो यायचाच थांबला. ठोक्याच्या ते लक्षात आले की नाही, कोण जाणे. माझ्या आले.

मग संगणक आला. मोठा पडदा, पातळ अंग, आणि अहंकार म्हणाल तर आभाळाएवढा. ठोक्याने माझे सगळे आवाज त्यात नेले. ‘हं’ही नेला, पण खुणेपर्यंतचाच. पुढचे बोलणे माझ्याजवळ आणि त्या फ्लॉपीत राहिले. मला वरून एक जुना टॉवेल गुंडाळून कपाटात ठेवले. गरज सरो, वैद्य मरो, ही म्हण मी त्या अंधारात किती वेळा घोकली असेन!

कपाटाच्या दारातून मला ऐकू यायचे. एके दिवशी वकील तावातावाने बोलत होता. “मी बोलतो आणि तू पडदा बघतोस! पूर्वी माझं कडवं संपायच्या आत तुझा हात चालायचा. आता तू ऐकतोस कधी?” दार आपटले. वकील परत आला नाही. दुसरे गायक आले, गेले. गाणी होत होती, पण लोक एकसुरात ‘हं’ म्हणेनासे झाले. ठोक्या एकटाच खुर्चीत बसून तेच ते चार ठोके फिरवत राहायचा. त्याच्यात आणि माझ्यात फक्त एक लाकडी दार होते. त्याला सोबत नव्हती, मलाही नव्हती. पण हाक मारायला मला तोंड कुठे आहे?

अशात एका दुपारी फोनवर ताईचा निरोप आला. तो त्याने मोठ्याने लावून ऐकला. “ठोक्या, डोळ्यांना आता सुईचं भोक दिसत नाही. मी मशीन देऊन टाकतेय. शनिवारी मामेबहिणीकडे जाते, कायमची. तिला सोबत होईल, मलाही. तुझं काही सामान इथं असलं तर घेऊन जा.” स्वर कोरडा होता. ठोक्या म्हणाला, “हं, बघतो.” निरोपाला उत्तर द्यायचे असते, तो मात्र रिकाम्या खोलीशी बोलला.

मी कपाटात तळमळत होतो. शनिवारी ताई गेली असती आणि तिचे ते बोलणे माझ्या पोटातच राहिले असते. ते ज्याच्यासाठी होते, तो माझ्यापासून हातभर अंतरावर बसला होता.

दुसऱ्या दिवशी एक नवी गायिका आली. मुलगी लहान, पण कान तीक्ष्ण. संगणकातला ‘हं’ ऐकून तिने नाक मुरडले. “हा घासून घासून गुळगुळीत झालाय, दादा. मूळ आवाज नाही का कुठं?”

कपाट उघडले. मित्रांनो, त्या उजेडाने माझे डोळे दिपले असते, मला डोळे असते तर! ठोक्याने टॉवेल काढला, फुंकर मारली, वायर जोडली, फ्लॉपी सरकवली. माझा इवलासा पडदा थरथरत उजळला. त्याने सोळावे बटण दाबले. मी जिवाच्या आकांताने वाजलो.

“कुणाचा आवाज आहे हा?” मुलीने विचारले.

“माझ्या ताईचा.”

“मग पुढे काय म्हणाल्या त्या?”

“पुढे काही नाही. एवढंच आहे.”

“असं कसं? ‘हं’ म्हणून कुणी गप्प बसतं का?” ती म्हणाली आणि तिने सहज माझी चकती पकडून शेवटची खूण पार टोकापर्यंत सरकवली. मग बटण दाबले.

“हं,” ताई म्हणाली. लगेच तरुण ठोक्याचा आरडाओरडा, “मिळालं! मिळालं!” आणि त्याखाली ताईचा शांत आवाज, “ऐकतेय रे. मी ऐकतेच तुझं. तू पण ऐकत जा की कधी माझं. चल, जेवायला ये. मला एकटीला जेवण जात नाही.”

ठोक्याने पुन्हा बटण दाबले. मग पुन्हा. स्वतःच्याच ओरडण्याखाली दबलेला तो आवाज तो माझ्यावर वाकून ऐकत होता. मग त्याने चपला पायात अडकवल्या आणि तो निघाला. “दादा, रेकॉर्डिंग?” मुलगी म्हणाली, पण तो जिन्यावर पोचला होता. मला बंद करायलाही विसरला. थोड्या वेळाने मुलगीही गेली. सबंध दिवस मी त्या खोलीत एकटा, चालू, गरम होत पडलो होतो. इतके छान एकटेपण मला आयुष्यात मिळाले नव्हते.

दुसऱ्या दिवशी ठोक्याबरोबर ताई आली. हातात जेवणाचा डबा. केस पांढरे झाले होते. स्पंजच्या भिंतींना बोट लावून बघत ती म्हणाली, “गाद्या भिंतीला का रे लावल्यास? लोक अंगाखाली घेतात.” ठोक्याने तिला खुर्चीत बसवले आणि बटण दाबले. तिने स्वतःचे बोलणे शेवटपर्यंत ऐकले.

“हे तू आत्ता ऐकलंस?”

“हो, ताई.”

“आणि यायला एवढी वर्षं लावलीस? जेवण पार गार झालं की रे!” ती हसली आणि हसता हसताच तिने पदराने डोळे पुसले.

तरी ताई शनिवारी गेलीच. तिचे ठरले होते आणि मामेबहीण वाट बघत होती. गेलेली वर्षे माझ्या चकतीने मागे फिरत नाहीत. ठोक्या अजून एकटाच राहतो. मी मात्र आता कपाटात नाही, टेबलावर आहे, आणि टॉवेलने तो रोज माझी धूळ पुसतो.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुठे एखादे जुने यंत्र पडले असेल. ते टाकून देण्याआधी एकदा चालू करून बघा. त्याच्यात कुणाचे काय राहिले आहे, ते त्याला स्वतःहून सांगता येत नाही. आणि घरातल्या माणसांचे बोलणे आपल्याला हवे तेवढेच कापून घेऊ नका. ते माझ्यासारख्या डब्याचे काम आहे, आणि मीसुद्धा पुढचे जपून ठेवतो.

जेवायच्या वेळी ठोक्या फोन टेबलावर, माझ्याजवळ ठेवतो आणि ताट घेऊन बसतो.

“ताई, जेवतेयस ना?”

“हं,” ताई म्हणते.

ठोक्याचा घास हातातच थांबतो. पुढचे ऐकण्यासाठी तो फोनकडे वाकतो.

“आज मीठ जरा कमीच पडलंय,” ताई म्हणते. “तू काय केलंस?”