ओल्या फडक्याखालचा पंप

मी एक जुना फ्युएल पंप आहे. मोटारगाडीच्या इंजिनाला कडेने चिकटलेला, मुठीएवढा, डोक्यावर काचेची वाटी असलेला. तुम्ही मला पाहिलेले नसणारच. लोक गाडीचा रंग पाहतात, टायर दाबून पाहतात, हॉर्न वाजवून पाहतात. पंप कोण पाहतो? पण मित्रांनो, पेट्रोलची टाकी असते मागे आणि इंजिन असते पुढे. मागचे पेट्रोल ओढून पुढे पोचवायचे काम माझे. माझ्या पोटात रबरी कापडाचा एक पडदा आहे. इंजिन फिरले की तो खालीवर होतो. पडदा धड, तर मी धड.

१९९१ साली मी हुपरीच्या गुरुसिद्ध मालकांच्या घरी पांढऱ्या गाडीतून आलो. मालकांचे चांदीचे पैंजण घडवण्याचे काम घरातच चाले. माल घेऊन आम्ही कोल्हापूरला जायचो, आणि सवड मिळाली की मालकांच्या पत्नी शांतव्वा यांना घेऊन मुरगूडला. तिथे त्यांची आई राहायची. तिला सगळे अव्वा म्हणत. शांतव्वा पुढे मालकांच्या शेजारी बसत. दोघांचे बोलणे मला अर्धेमुर्धे ऐकू येई आणि तेवढ्यावर माझा दिवस जाई. बॉनेटखालच्या अंधारात दुसरे कोण बोलणार? कार्बोरेटर माझ्यापासून वीतभर अंतरावर, पण तो नुसता मागतो, बोलत नाही.

खंडेनवमीला गाडीची पूजा व्हायची. शांतव्वा बॉनेटवर विभूतीची तीन बोटे ओढत, स्टेअरिंगला हार घालत. बॅटरीलासुद्धा फूल मिळे. माझी पाळी येईल म्हणून मी वाट बघत राही, तोवर बॉनेट धाडकन बंद होई. वाईट वाटायचे, खोटे कशाला बोलू?

माझी आठवण व्हायची ती उन्हाळ्यात. इंजिन फार तापले की माझ्यातल्या पेट्रोलची वाफ होते आणि वाफ काही मला ओढता येत नाही. गाडी आचके देऊन थांबते. त्यावर मालकांचा उपाय ठरलेला. फडके भिजवून माझ्या डोक्यावर टाकायचे, तंबाखू मळून होईपर्यंत थांबायचे आणि चावी मारायची. गाडी सुरू! मग मालकांची छाती फुगे. "बघ शांतव्वा, ह्या गाडीची नाडी माझ्या हातात हाय." मलाही ते गार फडके फार आवडे. माझ्या वाट्याला आलेली माया तेवढीच.

पण वर्षे गेली तसा पडदा झिजत गेला. कोल्हापुरात उद्यमनगरातले पिराजी मिस्त्री दर वेळी ऑइल बदलताना ऑइलमध्ये बुडवलेले बोट नाकाशी नेऊन वास घेत. "मालक, ऑइलला पेट्रोलचा वास मारतोय. पंपाचा पडदा गेलाय. बदलून टाकूया की, कितीसं काम हाय?"

"चालतंय की अजून," मालक म्हणत. "तापला की फडकं टाकतो. गप चालतोय बघा."

काचेच्या वाटीत गाळ साचला, आतली जाळी बुजत आली. मला ओरडता येत नाही. पेट्रोलचा वास सोडायचा आणि चढाला गाडी अडखळवायची, एवढीच माझी भाषा. ती मी बोलत राहिलो. ऐकणाऱ्याला मात्र फडक्याची सवय झाली होती.

२००३ च्या मे महिन्यात मुरगूडहून फोन आला. अव्वांनी अन्नपाणी सोडले होते आणि त्या सारख्या शांतव्वांचे नाव घेत होत्या. दोघे भर दुपारी निघाले. कागल मागे पडले, चढ लागला आणि माझा पडदा फाटला.

मालकांनी फडके टाकले. तंबाखू मळली. चावी मारली. इंजिन नुसते घरघरले. त्यांनी फडके पुन्हा भिजवले.

"अव्हो, दुसरी गाडी बघूया की. अव्वा वाट बघालीया," शांतव्वा म्हणाल्या.

"हुतंय, हुतंय. जरा गार होऊ दे."

असे करता करता पाणी संपले. तेवढ्यात दुधाचा एक टेम्पो थांबला. चालवणारा ज्ञानू खाली उतरला. "काय झालं पावणं?" त्याने फडके उचलले आणि माझ्याखाली ठिबकणारे पेट्रोल पाहिले. "पडदा फाटलाय. आता घागर वतली तरी हालायची न्हाय. बसा दोघंबी, मुरगूडला सोडतो."

शांतव्वा लगेच चढून बसल्या. मालक मात्र गाडीला टेकून उभेच राहिले. "तू हो म्होरं. गाडी रस्त्यावर टाकून कसा येऊ?"

शांतव्वांनी त्यांच्याकडे एकदा पाहिले असेल. मला टेम्पोचे दार लागल्याचे तेवढे ऐकू आले. टेम्पो निघून गेला.

पुढचे मला कळले ते गॅरेजमध्ये. पिराजी मिस्त्री मला खोलून नवा पंप बसवत होते आणि मालक रडत सांगत होते. टेम्पो गावोगावच्या डेअरीवर कॅन भरत गेला. शांतव्वा पोचल्या तेव्हा अव्वा गेल्या होत्या; लिंगायत रीतीप्रमाणे त्यांना शेवटच्या दर्शनासाठी भिंतीशी बसवले होते. सगळ्या लेकी जोडीने आल्या होत्या. शांतव्वा एकट्या.

मला मालकांनी भंगारात दिले नाही. डिकीच्या कोपऱ्यात मी पडून असतो. गाडी आता एका चावीत सुरू होते. परवा अव्वांची पुण्यतिथी होती. मालकांनी गाडी धुऊन दारात लावली. "चल शांतव्वा. नवा पंप हाय. कुठं थांबायची न्हाय आता."

"तुमी या गाडीनं. मी यष्टीनं जातो," शांतव्वा म्हणाल्या. रागावून नाही, अगदी साध्या आवाजात.

गाडी खरोखरच कुठे अडखळली नाही. त्या चढावर मालकांनी ती आपणहून कडेला घेतली आणि इंजिन बंद करून बसून राहिले. मागून यष्टी आली आणि पुढे निघून गेली.

मित्रांनो, पंपाची जाळी वेळेवर धुवा, वास आला तर पडदा बदला. आणि कोणी तुमची वाट बघत असेल, तर गाडी आहे तिथे टाका आणि मिळेल त्या टेम्पोत आपल्या माणसाशेजारी चढून बसा. मी गाडीचाच एक तुकडा असून हे सांगतो आहे.