गुरूनं पाळलेलं सुतक

न्हावी येऊन डोकं करून गेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गुरू खाटेवर नव्हता.

सिस्टरची धावपळ झाली. बघते तर पोरगं खाटेच्या पलीकडं फरशीवर, अंगाखालची चादर ओढून घेऊन, भिंतीकडं तोंड करून पडलेलं. उचलून वर ठेवलं. पाठ फिरली की परत खाली. दूध दिलं तर नको. साखर घातलेलं म्हणून तर मुळीच नको. मोसंबी नको, बिस्किट नको. पेज तेवढी दोन घास, ती पण मीठ न घालता. बोलणं तर बंदच.

डॉक्टर म्हणाले, औषधानं तोंडाची चव जाते. पण हे असंच चाललं तर पुढचं इंजेक्शन देता येणार नाही, अंगात ताकद पाहिजे. हिराआत्या म्हणाली, दृष्ट लागली. आई नळावर जाऊन तोंड धुऊन आली.

गोदू हे सगळं दाराला टेकून बघत होती. गोदू गुरूची थोरली बहीण, सोळा संपून सतरावं लागलेलं. घरात तिला सगळे तिखट म्हणायचे, आणि ती होतीच तिखट. नववीत असताना मास्तरनं भर वर्गात वेणी ओढली तर हिनं शाईची अख्खी दौत त्याच्या धोतरावर ओतली. दुसऱ्या दिवसापासून शाळा बंद. मग घरात मोकळी पोरगी कोण, तर गोदू. म्हणून हुबळीच्या मोठ्या दवाखान्यात गुरूजवळ दिवसभर बसायला आईच्या जोडीला तीच.

गुरूला रक्ताचा कॅन्सर होता. ही गोष्ट दिवाळीनंतर डॉक्टरांनी व्हरांड्यात अप्पांना आणि हिराआत्याला सांगितली. अप्पा तिथंच खांबाला धरून खाली बसले. आत्या नाही बसली. त्यांची आई गेल्यावर ह्या धाकट्या भावाला, अप्पांना म्हणजे भीमरावला, तिनंच वाढवलेलं. घरातला प्रत्येक नियम तिचा. हा पण तिनंच केला.

"पोराला काही कळू द्यायचं नाही. त्याच्यापुढं डोळ्यात पाणी आणायचं नाही. ज्याला जमत नाही त्यानं वॉर्डात पाय ठेवायचा नाही. काय भीमा, ऐकलास?"

आईनं जमवलं. रडू आलं की ती नळावर जायची, तोंडावर पाणी मारून यायची. अप्पांना जमलं नाही. एकदा आत आले, गुरूच्या उशीवर केसांचे पुंजके पडलेले बघितले आणि तोंडात टॉवेल कोंबून जे बाहेर गेले ते परत आत आलेच नाहीत. संध्याकाळी कामावरून यायचे ते फाटकाजवळच्या चिंचेखाली बसायचे. गोदूच्या हातात डबा द्यायचे. "कसा आहे?" विचारायचे आणि उत्तर पुरं व्हायच्या आत सायकलला हात घालायचे. गुरूनं विचारलं की सगळ्यांनी एकच सांगायचं. अप्पा कामावर आहेत. जास्तीची पाळी आहे.

मग केस गळायचे ते फारच गळायला लागले. घासात केस, पाण्यात केस. आत्यानं बाजारातला म्हातारा न्हावी आणला आणि सगळंच उतरवून टाक म्हणाली. त्या म्हाताऱ्याला पोराचं डोकं करायची एकच पद्धत ठाऊक. त्यानं चकाचक गोटा केला आणि मागं बोटभर शेंडी ठेवली. कुणाचं लक्ष गेलं नाही. हात जोडून तो गेला.

गुरू खाली उतरला त्या दिवशी दुपारी आत्या घरी केशवापूरला स्वैपाकाला गेलेली. आई रात्रभर जागी, ती बाकावर बसल्या बसल्या झोपलेली. गोदूनं साखर घालून दूध केलं, वाटी घेऊन फरशीवर गुरूजवळ बसली.

"ऊठ. पी."

गुरू हलला नाही.

"गुऱ्या, ऊठ म्हणते ना! डॉक्टर बोंबलायलेत. हे बघ, मी आई नाही लाडीगोडी लावायला. नाक दाबून ओतीन."

काही नाही. गोदूचं डोकं फिरलं. तिनं त्याचा दंड धरून ओढला. दंड कसला, नुसती काडी. तसा तो अंग चोरून भिंतीला चिकटला.

"शिवू नको मला, अक्का."

"का रे? सोवळ्यात आहेस काय मोठा?"

"सुतक आहे ना."

गोदूनं त्याचा दंड सोडला. "कसलं सुतक? कुणाचं?"

गुरू वळला. नऊ वर्षांच्या पोराचं ते तोंड गोळ्यांनी सुजलेलं, आणि डोळे आतनं लाल. म्हणजे हा रडत होता. भिंतीकडं तोंड करून, कुणाला कळू न देता, ह्यांच्यासारखाच.

"अप्पांचं," तो म्हणाला. "मला सगळं कळलंय. तू आईला सांगू नको. तिला वाटतंय मला ठाऊक नाही."

गोदूला आधी हसूच फुटलं. "येडा झालास काय? अप्पा तिकडं गोकुळ रोडला लोखंड कापायलेत!"

"बाबूला पण असंच सांगितलेलं," गुरू म्हणाला. "तुझे अप्पा हुबळीला गेलेत म्हणून."

गोदूचं हसू तिथंच राहिलं.

बाबू म्हणजे अळणावरकडचा चुलतभाऊ, गुरूच्याच वयाचा. गेल्या साली त्याचे अप्पा, लक्ष्मणकाका, झाडावरनं पडून गेले तेव्हा हे सगळे गावी गेलेले. बाबूला कुणी काही सांगितलं नव्हतं. चल रे, केस काढायचेत, एवढंच म्हणाले. शेंडी ठेवून डोकं केलं आणि हातात मडकं दिलं. मग बाबू जमिनीवर झोपायचा, अळणी खायचा, गोडाला हात लावायचा नाही. गुरू त्याच्याजवळ बसून सगळं बघायचा.

"माझं डोकं केलं," गुरू हळूहळू सांगायला लागला. मध्येच दम घ्यायचा. "शेंडी ठेवली. आईच्या हातात बांगड्या नाहीत. कपाळाला कुंकू नसतं. मंगळसूत्र पण नाही. सगळे बाहेर जाऊन रडून येतात. आणि अप्पा येत नाहीत. असले असते तर आले नसते काय, अक्का?"

गोदूनं बाकाकडं बघितलं. आईचे हात खरंच मोकळे होते. पाठीत सुई टोचताना गुरूनं झाडलेल्या लाथांनी बांगड्या फुटल्या, आणि वॉर्डात परत घालू नका म्हणून सिस्टर ओरडलेली. नळावर धुऊन धुऊन कुंकू गेलेलं. मंगळसूत्र, गुरू कळ आली की मुठीत धरून ओढतो म्हणून, पोलक्याच्या आत. एकेक गोष्ट खरी होती. हे सगळं रोज डोळ्यापुढं होतं आणि हिला, जिला लोकांच्या धोतरावरचा डाग लांबनं दिसायचा तिला, दिसलं नव्हतं.

"अग्नी कुणी दिला, अक्का?" गुरूनं विचारलं. "मला नेलंच नाही. मी आजारी होतो म्हणून काय? रामचंद्रकाकानं दिला काय?"

गोदूनं वाटी फरशीवर ठेवली. बोलून उपयोग नव्हता. जे बोलेल ते बाबूच्या घरच्यांसारखंच वाटणार.

"इथंच पडून राहा," ती म्हणाली. "मी आले."

सिटी बसनं ती गोकुळ रोडला गेली. अप्पा ज्या कारखान्यात लेथवर होते तिथं पंपाचे भाग व्हायचे. दारातनं आत शिरली तर कानठळ्या. राघवेंद्र फोरमननं तिला बघितलं आणि हाक मारली, "भीमराव, निन्न मगळु बंदाळ नोडो!" मुलगी आलीय म्हटल्यावर अप्पांच्या तोंडावरचं रक्तच गेलं. मशीन बंद करायचं पण भान नाही. फोरमननंच बटण दाबलं.

"गेला?" अप्पांनी विचारलं.

"तो नाही. तुम्ही गेलाय."

"काय बोलतेस?"

"गुरू तुमचं सुतक पाळायलाय. खाली झोपतोय, गोड खात नाही. तुम्हाला अग्नी कुणी दिला म्हणून विचारलं मला."

अप्पांनी हातातलं फडकं चुरगाळलं. म्हणाले, "त्याला सांग की, आहेत म्हणून."

"सांगितलं. पटत नाही. चला."

"गोदू, मला बघवत नाही गं. मी रडलो तर त्याला कळेल. तुझी आत्या—"

"आत्याला घाला चुलीत!" गोदू एवढ्यानं ओरडली की पलीकडच्या दोन मशीन थांबल्या. "तुम्हाला बघवत नाही म्हणून त्यानं तुम्हाला मारून टाकलंय, अप्पा! आणि तो तसाच मरेल. माझे अप्पा मेलेत असं समजून मरेल. चालेल तुम्हाला?"

ती हे बोलून बसली. मरेल हा शब्द घरात आजवर कुणी काढला नव्हता.

अप्पांनी हात धुतले नाहीत. कपडे बदलले नाहीत. तसेच खाकी, तेलकट, तिच्या पुढं चालायला लागले.

वॉर्डात पोचले तेव्हा भेटीची वेळ सुरू झालेली. आत्या डबा घेऊन आलेली. आई उठून बसलेली. दारात भावाला बघून आत्या पुढं झाली. "भीमा, डोळे पूस आधी. मग ये." अप्पांनी ऐकलंच नाही. तिला ओलांडून खाटेमागं गेले आणि फरशीवर मांडी घालून बसले.

गुरूनं बघितलं. मग हात पुढं केला आणि अप्पांचा अंगठा धरला, लेथनं नख गेलेला, काळा पडलेला. मग तळहात नाकाशी नेऊन वास घेतला.

"तेल," तो म्हणाला.

"होय," अप्पा म्हणाले. "धुवायचं राहिलं."

आणि गुरू हसला. कितीतरी दिवसांनी त्याचे पुढचे पडके दात दिसले. त्यानं वाटी मागितली. दूध गार झालेलं, साय धरलेली, तरी प्यायला. आईला काही कळेना, गोदूनं चार वाक्यांत सांगितलं तेव्हा तिनं दोन्ही मनगटं पदरात लपवली आणि मंगळसूत्र पोलक्यातनं बाहेर काढलं. आत्या हुश्श करून बाकावर टेकली. "बघा, एवढुशा पोराच्या डोक्यात काय काय येतं! सुटलो बाई."

गुरूनं वाटी खाली ठेवली. ओठ पुसला.

"मग सगळे कुणासाठी रडतात?"

आत्यानं डब्याचं झाकण उघडलं, परत लावलं.

"अरे, रडतंय कोण?" आत्या म्हणाली. "डोकं तर सौंदत्तीच्या यल्लम्माला—"

"अक्का, तू सांग."

गोदूनं तोंड उघडलं. मास्तरला, आत्याला, बापाला, कुणालाही उत्तर द्यायला जी कधी थांबली नव्हती तिनं हे उत्तर अप्पांवर सोडलं. तिनं अप्पांकडं बघितलं.

अप्पांनी गुरूला उचलून मांडीवर घेतलं.

"तुझ्यासाठी रडतात, बाळा," ते म्हणाले. "आजार मोठा आहे तुझा. केस औषधानं जायला लागले म्हणून काढले. मला तुझ्यापुढं रडू येत होतं म्हणून मी येत नव्हतो. चुकलं माझं."

"भीमा!" आत्या उठली. पण आईनं तिचा हात धरला, आणि आईनं आत्याचा हात धरलेला गोदूनं जन्मात पहिल्यांदा बघितला.

"बरा होणार नाही काय मी?"

"औषध देतायत. मला ठाऊक नाही, गुरू. देवाशपथ ठाऊक नाही." आणि अप्पांचं रडू फुटलं. टॉवेल नाही, काही नाही, लहान पोर रडतं तसं तोंड उघडं टाकून.

गुरू त्यांच्या छातीला टेकून ऐकत राहिला. त्याला भीती वाटली असणारच, कारण त्यानं अप्पांचा शर्ट दोन्ही मुठींत धरलेला. तसाच म्हणाला, "मी एकटाच रडत होतो. तुमच्यासाठी." आणि मग, "आता बाहेर जाऊ नका कोणी. इथंच रडा."

आईनं मग नळ गाठला नाही. ती तिथंच खाली बसली. आत्या उभी होती ती उभीच राहिली, नाकाला पदर लावून. पण बाहेर गेली नाही.

गुरू वाचला नाही. शिमग्याच्या आधी गेला. पण ते नंतरचं. त्या दिवशी भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली आणि वॉचमन काठी आपटत आला. बायकापोरांचा वॉर्ड, पुरुषांनी निघायचं.

"ए तंगी, टाइम आतु. गंडसरु होरगे."

गोदू दारात जाऊन उभी राहिली. दोन्ही हात चौकटीच्या दोन्ही बाजूंना. "ते येणार नाहीत बाहेर."

"रूल आहे."

"असू दे. मला ओलांडून जा आत, बघते कसा जातोस."

वॉचमननं काठी उचलली, तिच्या खांद्यावरनं आत बघितलं. फरशीवर सगळं घर बसलेलं, मध्ये बापाच्या मांडीवर ते पोर. त्यानं काठी भिंतीला टेकवली आणि स्टूल ओढून दाराबाहेर बसला. "डॉक्टर बंदरे नान हेळतीनि," तो म्हणाला. डॉक्टर आले तर मी सांगीन. "तू आत जा."

गोदूचे हात चौकटीवरनं सुटले. आता भांडायला कुणी उरलं नव्हतं. रडू तिला आवरेना, सवयीनं पाय व्हरांड्याकडं वळला, दोन पावलं गेलीसुद्धा. मग आतनं गुरूचा आवाज आला, "अक्का कुठं गेली?"

ती मागं फिरली. डोळे न पुसता आत गेली.