हाताने मागे सारलेला तास

दुसऱ्यांसाठी कृत्रिम पाय घडवणाऱ्या सिहामचा स्वतःचाच पाय जिन्यावरून पडून मोडला, तेव्हापासून फेझच्या वर्कशॉपमधले लोक तिची टर उडवायची एकही संधी सोडत नव्हते. ती ताझाला भावाच्या घरी, प्लास्टर उशीवर टेकवून बसली होती. त्या सोमवारी मात्र सगळ्यांच्या थट्टा बंद झाल्या, कारण वर्कशॉपमध्ये बा अस्सू आले होते.

बा अस्सू तिंघीरकडच्या डोंगरातले, एक पाय गुडघ्याखालून नसलेले. बुधवारी त्यांच्या धाकट्या मुलीचं लग्न होतं. रमजान आठवड्यावर आलेला, त्यात लग्नं होत नाहीत, म्हणून त्याआधीच्या शाबान महिन्याचे उरलेले दिवस लग्नांनी गच्च भरलेले, तेव्हा तारीख हलवायचा प्रश्नच नव्हता. नवा पाय तयार होता. पण माप घेतल्यानंतरच्या दोन महिन्यांत म्हातारा वाळला होता आणि उरलेला पाय जिच्यात बसतो ती कृत्रिम पायाची वाटी सैल होऊन खुळखुळत होती. नवी वाटी छापायला थ्रीडी छपाईच्या मशीनला सोळा तास लागतात. मंगळवारची सकाळची बस गाठायची, तर मशीन दोनच्या आत सुरू व्हायला हवं होतं. पण त्याआधी वाटीचं कॉम्प्युटरवरचं चित्र दुरुस्त करणं फक्त सिहामला जमायचं, आणि त्याचं सॉफ्टवेअर होतं वर्कशॉपच्या विंडोजवाल्या कॉम्प्युटरवर. म्हणजे ताझात बसून तो कॉम्प्युटर उघडण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"बाई, कर काहीतरी," वर्कशॉप सांभाळणारे सी बूअझ्झा फोनवर म्हणाले. "म्हातारा सकाळपासून आलाय गं. कुबड्या मांडीवर घेऊन नुसता बसलाय."

तासभर डोकं आपटूनही तो कॉम्प्युटर उघडेना, तेव्हा सिहामने लल्ला झहोरला फोन लावला. मेकनेसच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं तारा जोडून निवृत्त झालेली ही बाई आता दिवाणावर बसून अर्ध्या देशाचे कॉम्प्युटर फोनवरून दुरुस्त करते, असं सिहामने ऐकलं होतं. तिचा विश्वास नव्हता, पण गळ्याशी आलं होतं.

"लल्ला, माझ्याकडे भावाचा लिनक्सवाला कॉम्प्युटर आहे हो. विंडोज असतं तर..."

"तर त्याचं वेगळं रडगाणं असतं. माझा मॅक आहे, त्याची तऱ्हा तिसरीच. तू आधी तुझा पडदा मला दाखव. आणि हे बघ, तुला काय वाटतं ते सांगायचं नाही. समोर काय दिसतं ते वाचायचं."

लल्लाने सांगितलेलं पडदा दाखवायचं सॉफ्टवेअर सिहामने टाकलं, होकार दिला. लल्लाला नुसता काळोख दिसला. ती जराही गडबडली नाही.

"तुझ्या लिनक्सचा पडदा नव्या धाटणीचा आहे, परक्याला डोकावू देत नाही. बाहेर पड. पासवर्ड विचारतो तिथे कोपऱ्यात दातेरी चाक आहे? दाब. दुसरी ओळ वाच."

"एक्सऑर्ग."

"तो जुना पडदा. तोच घे आणि आत ये."

आणि लल्लाला लख्ख दिसायला लागलं. सिहामला उमगलीही नसती ती गोष्ट चार वाक्यांत सुटली! सिहामला स्वतःची लाज वाटली आणि त्या बाईचं कौतुक त्याहून जास्त.

पण खरी आडकाठी पुढे होती. वर्कशॉपच्या कॉम्प्युटरने पासवर्ड घेतला आणि सहा आकडी कोड मागितला. सिहामच्या फोनवर दर अर्ध्या मिनिटाला नवा कोड यायचा. तिने टाकला: चुकीचा. पुन्हा टाकला, पुन्हा चुकीचा. लल्ला "थांब" म्हणेपर्यंत तिने घाईघाईने आणखी दोन टाकले. पडद्यावर ओळ उमटली: आता एकच संधी, नंतर उद्यापर्यंत बंद.

"हात उचल," लल्ला म्हणाली. "मांडीवर ठेव. रडतेस काय? किती वाजलेत तुझ्याकडे?"

"अकरा वीस."

"सी बूअझ्झांना विचार, त्यांच्या कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात किती वाजलेत."

दुसऱ्या फोनच्या स्पीकरवरून उत्तर आलं, अकरा वीस. सिहामचं उरलंसुरलं अवसान गळालं. घड्याळं तर जुळत होती.

लल्लाने मात्र वेगळंच विचारलं. "काल रमजानसाठी देशभर घड्याळं तासभर मागे झाली. तिथल्या कॉम्प्युटरवर तो तास कुणी मागे केला?"

"मी!" बूअझ्झा ऐटीत म्हणाले. "भिंतीवरची तीन, गाडीतलं एक आणि हा कॉम्प्युटर. दरवर्षी मीच करतो, स्वतःच्या हाताने."

"अल्लाह तुमचे हात शाबूत ठेवो, सी बूअझ्झा. पण कॉम्प्युटर म्हणजे भिंत नव्हे. त्याला अजून वाटतंय आपण उन्हाळी वेळेतच आहोत. तुम्ही वरचा काटा सरकवलात आणि आतला हिशेब एक तास मागे पडला. फोन आणि कॉम्प्युटर दोघेही कोड आतल्या वेळेवरून काढतात, म्हणून ते जुळत नाहीत. आता वेळेचा पट्टा, म्हणजे टाइम झोन, बदला. यादीत रेक्याविक असेल, तिथली वेळ वर्षभर आपल्या आजच्या वेळेएवढीच असते, ते निवडा."

"ते कुठं आलं?"

"बर्फात. आपल्याला जायचं नाहीये, दाबा."

क्षणभरात बूअझ्झा ओरडले, "अगं बाई, दहा तेवीस झाले! आणखी एक तास गेला!"

"जाऊ द्या. आता इंटरनेटवरून वेळ जुळवायचं बटण आहे, ते दाबा."

सिहामने फोनवरचा कोड उघडून समोर ठेवला. बूअझ्झा हळू आवाजात म्हणाले, "अकरा चोवीस."

"आता टाक, पोरी. कोड नुकताच बदललेला हवा. सावकाश."

सिहामने सहा आकडे एकेक करून टाकले. पडदा उघडला. तिचं चित्र, तिने शुक्रवारी सोडलं होतं तसंच, फेझहून ताझाला येऊन समोर उभं राहिलं. दोन घड्याळं सारखी दिसत असताना त्यांच्या पोटातला फरक त्या बाईने घरी बसून, वर्कशॉप न बघता, एका प्रश्नात पकडला होता. सिहाम आभार मानायला लागली, तर लल्लाने तिला तोडलं. "माझं नंतर. त्या माणसाचं आधी." आणि फोन ठेवला. सिहामने चित्र दुरुस्त केलं आणि मशीन दीडला सुरू झालं.

गुरुवारी सकाळी सिहामच्या फोनवर लग्नातला व्हिडिओ आला. अंगणात पुरुषांची रांग, खांद्याला खांदा लावून, डफांच्या ठेक्यावर गुडघ्यात वाकणारी आणि उठणारी. मधोमध बा अस्सू. सिहामने तो तीनदा पाहिला, आणि त्यांचा कोणता पाय आपण केलेला, हे तिला एकदाही ओळखता आलं नाही. मग तिने तो तसाच लल्ला झहोरला पाठवला.