कर्टिसचा पहिला गोल

निरोपाच्या सामन्यात कर्टिसला गोल करता आला नाही आणि वर त्याचा घोटा मोडला, हा निकाल. आता उल्हास देवधरच्या मते हा निकाल अजून लागलेलाच नाही. तेव्हा आपणही त्याच्या भिडेखातर तो लागलेला नाही असं धरू आणि सुरुवातीपासून जाऊ.

कर्टिस मूळचा अमेरिकेतला, नेब्रास्काचा. हॅम्बर्गमध्ये उल्हासच्या वरच्या मजल्यावर राहतो. इथल्या एका छोट्या क्लबकडून तो बारा वर्षं बचावफळीत खेळला आणि त्याने एकही गोल केला नाही. स्वतःच्याच जाळ्यात दोन मारले, पण तो विषय कोणी काढत नसे. तो निवृत्त झाला तेव्हा क्लबने ठरवलं, निरोपाचा सामना ठेवू आणि बिचाऱ्याला एक गोल करू देऊ. समोर शेजारीपाजारी. सगळ्यांनी वेळेवर बाजूला व्हायचं. गोलकीपर उल्हास, कारण त्याने जन्मात फुटबॉलला हात लावला नव्हता.

सगळे शिस्तीत बाजूला झाले. जर्मन माणसं ती, ठरलं म्हणजे ठरलं. कर्टिस चेंडू घेऊन एकटाच धावत आला. उल्हास एके काळी सांगलीत कबड्डीच्या संघाचा डावा कोपरा सांभाळायचा. त्याला एवढंच दिसलं, की एक गडी रेषेकडे पळतोय. त्याने सूर मारून घोटा धरला. सुटू नये म्हणून पिळलासुद्धा.

पेनल्टी मिळाली. कर्टिस स्ट्रेचरवर, म्हणून ती क्लबच्या खजिनदाराने मारली. ती उल्हासच्या पोटावर आपटून परत गेली.

“अहो, तुम्हाला नुसतं उभं राहायचं होतं,” घरी आल्यावर त्याची बायको नीता म्हणाली.

“उभाच होतो की. पेनल्टीला.”

“तेव्हा पडायचं होतं.”

जिन्यात भेटेल त्याला उल्हास न विचारता सांगू लागला, गवत ओलं होतं. शेवटी नीताने मेतकूट-भाताचा डबा हातात देऊन त्याला वर पिटाळलं.

कर्टिस प्लास्टरमधला पाय उशीवर टाकून बसला होता. उल्हासने माफी मागायला तोंड उघडलं, तेवढ्यात तोच म्हणाला, “बारा वर्षांत मला अडवायची कुणाला गरजच वाटली नव्हती. तू पहिला. थँक्स.” आणि भात चाटूनपुसून खाल्ला.

त्याने शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. उल्हास खाली आला आणि शाळेत शिकवलेल्या अर्जाच्या चालीवर, जर्मनमधून, फुटबॉल संघटनेला लिहायला बसला:

“घोटा मीच धरला; गवत निर्दोष आहे. तरी सदर सामना अद्याप संपलेला नाही असे जाहीर करून, श्री. कर्टिस यांचे हाड जुळेपर्यंतचा काळ दुखापतीचा वाढीव वेळ म्हणून मंजूर करावा, आणि तोवर पंच, दोन्ही संघ व प्रेक्षक यांनी मैदान सोडू नये, ही नम्र विनंती.”