उरलंसुरलं

दयानंदनं हात लावायच्या आत रजनीनं त्याच्या ताटातला निम्मा भात उचलून परत पातेल्यात टाकला. बोलून उपयोग नव्हता.

त्याचा थोरला भाऊ जनार्दन आतड्याच्या कॅन्सरनं गेला, तेव्हापासून रिहे गावातल्या या घरात असंच चाललं होतं. पौडच्या डॉक्टरांनी दयानंदला बजावलं होतं, घरात हा आजार आहेच, त्यात सुटलेलं पोट आणि वाढलेली साखर म्हणजे आगीत तेल. दुर्बिणीच्या तपासणीत काही निघालं नाही, पण रजनीनं धसका घेतला तो घेतलाच. घरचा इंद्रायणी तांदूळ, आणि नवऱ्याला वाटीभर भात! नवऱ्याला उपाशी मारतेस, म्हणून बायकांनी चेष्टा केली. तिनं कुणाला जुमानलं नाही. रांधायची मात्र पहिल्यासारखीच भरपूर. हात आखडता घेणं तिला कधी जमलंच नाही.

वर्षभरानं दोघं दवाखान्यात गेली. दयानंदची साखर उतरली होती, पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं होतं. डॉक्टर खूश झाले. मग त्यांचं लक्ष रजनीच्या सुटलेल्या पोटाकडं, काळवंडलेल्या मानेकडं गेलं. त्यांनी तिचंही बोट टोचलं. साखर बरीच चढलेली निघाली. संडासला कसं होतं, असं विचारल्यावर पदर सावरत ती म्हणाली, अधूनमधून रक्त पडतं, उष्णतेचं असेल, सब्जा घेतेय.

डॉक्टरांनी तिलाही दुर्बिणीची तारीख दिली.

“पण ते दुखणं ह्यांच्या घराण्यातलं,” रजनी म्हणाली. “आमच्यात न्हाई.”

नुसत्या घराण्यावर नसतं ते, डॉक्टर म्हणाले. रक्त कशाचं ते बघितल्यावरच कळेल, पण पोट आणि साखर धोका वाढवतात. तुमचं जेवण कसं असतं?

रजनीनं मान खाली घातली.

“ह्यांना कमी वाढते. उरलेलं टाकायचं कसं? अन्न हाय. मीच संपवते.”

रोज ताट सारून दयानंद ओसरीवर जाऊन बसायचा. ती कधी जेवते, काय जेवते, त्यानं पाहिलंच नव्हतं.

संध्याकाळी त्यानं दोन ताटं घेतली, दोन्हींत सारखंच वाढलं आणि तिला शेजारी बसायला सांगितलं.

“तुमी आधी जेवा,” ती म्हणाली. “मी बसते मागनं.”

“न्हाई, बस,” तो म्हणाला. “मला लई भ्या वाटतंय, रजने.”

ती बसली.