जुनी चौकट विचारते आहे

मी बोलतेय ती कॉम्प्युटरच्या पडद्यावरची एक चौकट. लाकडाची नाही, पण काम दारावरचंच. एखादा प्रोग्राम कॉम्प्युटरच्या आतल्या घरात शिरायला निघाला, तिथलं सामान हलवायला निघाला, की मी आडवी येते. मागचा सगळा पडदा काळवंडतो, हातातलं काम थांबतं आणि मी मधोमध उभी राहून विचारते, "याला आत येऊ देऊ का?"

खाली दोन बटणं. हो आणि नाही.

माझी अक्कल एवढीच. कोण भला, कोण लबाड, ते मला कळत नाही. येणाऱ्याचं नाव काय, त्याला कोणी बनवलं, तो कुठून आला, एवढं मी सांगते. पुढचं तुमच्या बोटात.

माझा जन्म एका मोठ्या, थंडगार ऑफिसात झाला. तिथे माझ्यावरून झालेलं कडाक्याचं भांडण मला अजून आठवतं. एक जण म्हणत होता, "लोक वैतागतील हो." चष्मेवाली बाई म्हणाली, "वैतागू देत. चोर शिरल्यावर गळा काढण्यापेक्षा बरं."

लोक वैतागलेच. मी आले की कपाळाला आठ्या पडायच्या. पाहुण्याने दार वाजवावं आणि घरच्याने पेपरातून मान वर न काढता "या, या" म्हणावं, तसे सगळे "हो" दाबून मोकळे व्हायचे. मला वाचायचं कोणी नाही.

मग माझी धाकटी बहीण आली. सपाट, निळी, ठळक अक्षरांची, नव्या वळणाची. मला कोणी पुसून टाकलं नाही. जुनी भांडी माळ्यावर टाकावीत तसं आत खोल ठेवून दिलं. एक आकडा बदलला की मी परत उभी राहणार, पण एवढी उठाठेव करायला येतंय कोण!

आली एक. तिच्यासाठीच मी आज तोंड उघडलंय.

ती भरतकाम करते, पण मशीनवर. कापडावर काय उमटायचं ते आधी पडद्यावर टाका-टाका आखते. शाळांचे बिल्ले, हॉटेलांचे टॉवेल, नाटकाचे पडदे. मशीन शेजारच्या खोलीत, खडखडत असतं. तिचा नवरा इमारतींच्या लिफ्ट तपासतो. शांत माणूस. आवाज कधी चढत नाही. बायकोला बाजारात जड पिशवी उचलू देत नाही. शेजारणी म्हणायच्या, "नशीब काढलंस गं बाई."

तिचा जुना कॉम्प्युटर बिघडला तेव्हा त्याने न सांगता नवा आणला. ती माहेरी गेली होती, तेवढ्यात सगळं लावून, सजवून ठेवलं. त्या दिवशी कामावर माझी बहीण होती. मी आतून ऐकत होते. तिने विचारलं, "ध्वनी साहाय्यक नावाचा प्रोग्राम आत येऊ बघतोय. कोणी बनवलाय ते माहीत नाही. येऊ देऊ का?"

त्याने हो दाबलं. घाईने नाही. एकेक ओळ वाचून, सावकाश दाबलं. वाचून हो म्हणणारा माणूस मी फार क्वचित पाहिलाय. मला बरं वाटायला हवं होतं. का कोण जाणे, वाटलं नाही.

साहाय्यक कसला, तो नुसता बसून बघायचा. ती काय टाइप करते, काय उघडते, कोणाला लिहिते. थोड्या थोड्या वेळाने पडद्याचं चित्र काढायचा आणि नवऱ्याच्या फोनवर धाडायचा. भिंतीला कान असतात म्हणतात. इथे भिंतीला डोळे फुटले होते. आणि मी आत, तोंड बांधलेली.

एकदा तिने आईला लिहिलं, हल्ली पाठ फार धरते. संध्याकाळी नवरा मलमाची ट्यूब घेऊनच घरात आला.

"अगंबाई! तुम्हाला मनातलं कळतं की हो."

"संसार म्हणजे दुसरं काय असतं?" तो म्हणाला.

ती किती हरखली होती! दुसऱ्या दिवशी दिवसभर ट्यूब टेबलावर, कॉम्प्युटरशेजारी ठेवून बसली.

मग एकदा तिने मैत्रिणीला लिहिलं की कामासाठी बाहेर एखादा छोटा गाळा बघावा म्हणतेय, घरात मशीनचा आवाज होतो. घरात ती यातलं अक्षर बोलली नव्हती. रात्री जेवताना तो म्हणाला, "घरात जागा कमी पडते का गं तुला?"

"का हो?"

"काही नाही. सहज."

गाळ्याचं तिथेच बारगळलं. पण त्यानंतर ती लिहिता लिहिता थांबायला लागली. अर्धं वाक्य झालं की मागे वळून बघायची. मागे कोणी नसायचं. तरी वाक्य पुसून टाकायची.

तिचा भरतकामाचा प्रोग्राम जुना आहे. तो उघडला की दर वेळी परवानगी लागते, म्हणून माझी बहीण तिच्या डोळ्यांसमोर रोज यायची. एके दुपारी तिची नणंद आली होती. सगळे तिला बारकी म्हणतात. नाव बारकी, आणि उंची अशी की दारातून येताना डोकं सांभाळावं लागतं. एका कॉलेजातले कॉम्प्युटर ती सांभाळते.

"बारके, ती जुनी चौकट परत आणता येते का गं? सगळा पडदा अंधारा करून यायची ती. ही निळी मेली जाहिरातीसारखी वाटते. मी न वाचताच दाबते."

"येते की. पण तीच का?"

"तिचा धाक वाटायचा."

इतक्या वर्षांत माझ्याबद्दल इतकं चांगलं कोणी बोललं नव्हतं.

बारकी खुर्ची ओढून बसली. आत खोल उतरली, माळा धुंडाळला, तो एक आकडा बदलला. पुढच्या वेळी प्रोग्राम उघडला तेव्हा पडदा काळवंडला आणि मी उभी राहिले. वहिनी हसली. "आली बघ म्हातारी!"

बारकी मात्र हसली नाही. "पासवर्ड कोणाकोणाला माहीत आहे?"

"यांना. यांनीच तर ठेवलाय."

बारकीचा हात की-बोर्डवर थांबला. "वहिनी, माझ्या खोलीला आतून कडी होती. मी शाळेत असताना दादाने ती काढली. आईला म्हणाला, एकटी पोर आत असते, काही झालं तर? आईला पटलं. सगळ्यांनाच पटलं." हे बोलताना ती पडद्याकडे बघत होती, वहिनीकडे नाही. "ही चौकट आता दर वेळी पासवर्ड मागेल असं करते. तू नवा ठेव. मी तोंड फिरवते. मलाही सांगू नकोस."

पासवर्ड बदलायचा पडदा माझ्याच घराण्यातला. आम्ही उभ्या असलो की बाकी सगळ्यांनी बाहेर थांबायचं, हा आमचा नियम. साहाय्यक बाहेर ताटकळला. वहिनीने काय टाइप केलं ते त्याला दिसलं नाही.

संध्याकाळी नवरा चपला काढता काढता म्हणाला, "बारकी येऊन गेली वाटतं."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"दोन कप दिसले."

कप तिने कधीच धुऊन, पुसून फडताळात ठेवले होते. ती फडताळाकडे बघत राहिली.

पुढे काही दिवस बरे गेले. ती एका नाटक कंपनीच्या पडद्यावरचा घोडा आखत होती. घोड्याची आयाळ अर्धी झाली होती, आणि साहाय्यकाला कात टाकायची वेळ आली. असल्या प्रोग्रामांना अधूनमधून नवं रूप घ्यावं लागतं आणि त्याला परवानगी लागते. पूर्वी नवरा घरी असताना तो ती उरकून घ्यायचा. या वेळी त्याचा हिशेब चुकला.

मी उभी राहिले. जे माहीत होतं ते सगळं सांगितलं. नाव, ध्वनी साहाय्यक. बनवणारा, अनोळखी. जागा, अमुक फोल्डर. त्या फोल्डरला तिच्या नवऱ्याची आद्याक्षरं होती.

ती ओठ हलवत वाचत होती. लहान मुलं वाचतात तशी, बोट पडद्यावर ठेवून. आद्याक्षरांवर बोट थांबलं.

तिने नाही दाबलं. साहाय्यक चिकट, तो परत आला. तिने परत नाही दाबलं. तिसऱ्यांदा मी उभी राहिले तेव्हा तिने काहीच दाबलं नाही. नुसती बघत बसली. मी उभी असताना साहाय्यकाला चित्र काढता येत नाही. तिकडे कुठल्याशा इमारतीत नवऱ्याच्या फोनवर काळाकुट्ट पडदा दिसत असणार.

तिचा फोन वाजला.

"अगं, कॉम्प्युटर काही विचारतोय का? हो म्हण आणि मोकळी हो."

"तुम्हाला कसं कळलं?"

पलीकडे लिफ्टचं दार सरकल्याचा आवाज आला. "आज सगळ्यांचेच विचारतायत. आमच्या ऑफिसातही तेच चाललंय."

"बघते," ती म्हणाली. फोन टेबलावर उपडा ठेवला. मग अनवाणीच शेजारणीकडे गेली आणि तिच्या फोनवरून बारकीला बोलावलं.

पण आधी पोचला तो. एरवी दार लोटून येणारा माणूस, आज त्याने आत येऊन कडी लावली. तिच्या खुर्चीत बसला. खुर्ची आपल्या मापाने वर केली.

मला कायमचं गप्प करायची सोय कॉम्प्युटरात आहे. पण त्यालाही परवानगी लागते, आणि ती मागायला मीच यावं लागतं. मी आले. माझ्याच तोंडाने विचारलं, ही चौकट बंद करू का? आणि पासवर्ड मागितला.

त्याने स्वतः ठेवलेला जुना पासवर्ड घातला. चूक. तिची जन्मतारीख. चूक. लग्नाची तारीख. चूक. तिच्या आईचं माहेरचं नाव. चूक.

"पासवर्ड बदललास?"

"हो."

"सांग."

"ध्वनी साहाय्यक म्हणजे काय हो?" ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

तो वळला. चेहऱ्यावर रागाचा मागमूस नाही. "तू दिवसभर घरात एकटी असतेस. काळजी वाटते मला. एवढं कळत नाही का तुला?" आणि परत माझ्याकडे तोंड करून त्याने आणखी एक शब्द घातला. मग आणखी एक. लिफ्टचा दोर इंच-इंच तपासावा तसा तो तिचं सगळं आयुष्य माझ्यापुढे घालून बघत होता. तिच्या मैत्रिणीचं नाव. लहानपणीच्या कुत्र्याचं नाव. पोटातच गेलेल्या बाळासाठी दोघांनी ठरवलेलं नाव.

ते नाव पडद्यावर ठिपके होऊन उमटलं. तरी तिने बोटांच्या हालचालीवरून ते ओळखलं असावं. ती खाली बसली.

बेल वाजली. तो उठेना, तेव्हा वहिनीच उठली आणि तिने कडी काढली.

बारकी आत आली. "दादा, ऊठ तिथून."

"आमच्या नवरा-बायकोतलं आहे हे."

"ऊठ म्हणते ना."

तो उठला. वहिनी बसली. बारकीने साहाय्यक कुठे बसलाय ते हुडकून दाखवलं. त्याला हाकलायलाही परवानगी लागते. मी विचारलं. वहिनीने पासवर्ड घातला आणि हो दाबलं. तोवर नवरा तिच्या मागेच उभा होता, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून. तिची पाठ खुर्चीला टेकली नाही.

"झालं समाधान?" तो म्हणाला. "चहा टाकतो."

आणि खरंच त्याने तिघांचा चहा केला. तिच्या कपात तिला लागते तेवढीच साखर घातली. चहा तसाच राहिला. ती बारकीबरोबर निघाली तेव्हा एक पिशवी आणि कॉम्प्युटर, म्हणजे मलाही, घेऊन निघाली. मशीन उचलायला चार माणसं लागतात, ते तिथेच आहे.

आता आम्ही बारकीच्या घरी आहोत. खिडकीशी टेबल आहे. ती आराखडे करते, शिवून घेते दुसऱ्याच्या मशीनवर. जुन्या शेजारणी फोन करतात, "एवढी काळजी करणारा नवरा कोणी सोडतं का गं?" ती ऐकून घेते.

त्याच्या मेल येतात. रागाचं एक अक्षर नसतं. पहिलीत लिहिलं होतं, "खिडकीशी बसतेस, संध्याकाळी डोळ्यांवर ऊन येत असेल. जप." तिने उठून पडदा ओढला. बाहेर वाकून रस्ता बघायचं धाडस तिला झालं नाही. बारकी म्हणाली, पोलिसांत जाऊ. ती गेली. तिथल्या साहेबांनी मेल वाचली आणि विचारलं, "यात धमकी कुठे आहे?"

दुसऱ्या मेलबरोबर काहीतरी जोडलेलं होतं. नाव, "आपले फोटो". तिने ते उघडलं आणि पडदा काळवंडला. फोटो कधी परवानगी मागत नाहीत. मी सांगितलं, बनवणारा अनोळखी. तिने पासवर्डाची पहिली काही अक्षरं घातली, थांबली, एकेक पुसली. नाही दाबलं. बारकीला सांगितलं नाही.

त्याला आता तिचा पासवर्ड लागत नाही. तिने स्वतः हो म्हटलं की झालं.

बाबांनो, तुमच्या पडद्यावर मी असेन, नाहीतर माझी बहीण. आम्हाला शिव्या द्या, पण वाचा. कोण आलंय, कुठून आलंय, ते वाचून मग बोट उचला. याहून जास्त आम्हाला काही करता येत नाही, हेच आमचं दुखणं.

आणि आत्ता मला जास्त बोलायला सवड नाही. बारकी कामावर गेली आहे. आज सकाळी आणखी एक मेल आली आणि तिने ती उघडली. मी तिच्यापुढे उभी आहे. नाव आहे, "आईचे रिपोर्ट, तातडीचे". तिचे डोळे भरलेत, बोटं की-बोर्डवर आहेत, आणि ती पहिल्याच ओळीवर थांबली आहे.

खालची ओळ वाच गं बाई. खालची ओळ वाच.