बँकमित्राचा हात

रविवारी सकाळी लालबागच्या चाळीत, गावकरी मंडळाच्या खोलीत गावाहून बोलावून घेतलेला यशोधन आला तेव्हाच दगडू परबच्या मुठी वळलेल्या होत्या. गणपतीत गावी गेला असताना त्याने आईचं पासबुक पाहिलं होतं. तिच्या जनधन खात्यात तो सहा वर्षं पैसे पाठवत होता; उरले होते दोनशे बारा रुपये. "माका काय म्हायत नाय," एवढंच आई म्हणाली. तिला अक्षर कळत नव्हतं. तिचा अंगठा घेणारा गावात एकच, बँकमित्र यशोधन.

सव्वीस वर्षांचा पोरगा. त्याच्या आधी पेन्शन काढायला म्हातारी माणसं दोन एसट्या बदलून तालुक्याला जायची. हा अंगठा लावायचं मशीन घेऊन थेट ओटीवर यायचा. बायकांनी त्याच्याकडे शंभर-शंभर टाकून कोंबड्यांची खुराडी बांधली होती. दगडूला हे सगळं माहीत होतं, पण त्या दिवशी डोकंच फिरलं होतं.

"काका, पैसे गावात निघालेच नाहीत," यशोधनने खात्याच्या उताऱ्याचा कागद पुढे केला. "हे वाचा तरी..."

"माका वाचूक शिकवतंस?"

दगडूच्या पहिल्याच फटक्यात यशोधनचा ओठ फाटला. तो भिंतीपाशी रचलेल्या ट्रंकांवर पडला. मग खोलीतले बाकीचे गाववालेही तुटून पडले, कोणी लाथ घातली, कोणी पट्टा काढला. दगडूने त्याचा उजवा हात ओढून ट्रंकेच्या काठावर धरला.

"ह्याच हातान आवशीचो अंगठो घेतलंस मां?"

त्याने लोखंडी झाकण आपटलं. एकदा. पुन्हा. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

"दादा, सोड त्याला!" दाराशी उभा असलेला धाकटा भाऊ मनू किंचाळला. "आईचं एटीएम कार्ड माझ्याकडे आहे. तिनेच दिलंय, पोरीच्या कॉलेजसाठी!"

दगडू वळला आणि त्याने मनूच्या तोंडावर ठोसा मारला. तो पडला तरी दगडू थांबेना. शेवटी स्वयंपाक करणाऱ्या कमळाबाई मध्ये घुसल्या. त्यांनी गावी फोन लावून दगडूच्या कानाला धरला.

"मीच दिलंय तेका कार्ड," आई रडत होती. "तू मारशीत तेका, म्हणान सांगूक नाय."

जमिनीवर यशोधन मोडलेला हात छातीशी धरून विव्हळत होता.

हातात सळ्या घालाव्या लागल्या. यशोधनने पोलिसात तक्रार केली नाही. नुसतं मशीन बँकेला परत केलं. ते काम घ्यायला गावात कोणी पुढे आलं नाही. बायकांचं शंभर-शंभर टाकणं थांबलं. दगडूची आई पेन्शनसाठी पहाटेची एसटी पकडू लागली.

दिवाळीत दगडू गावी यशोधनच्या घरी गेला. त्याची आई दारात आली. दगडूने हात जोडले. "मशीन परत सुरू कर म्हणान सांगा तेका. पाया पडतंय."

ती बाजूला झाली नाही. तिने पाणीही विचारलं नाही.